रूथचा एक्केचाळिसावा नंबर

शुक्रवारी सकाळी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो बाबांच्या गाडीची डिकी उघडल्याचा. आम्ही रियाधला हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहत होतो, आणि माझी खिडकी नेमकी पार्किंगकडे होती. बाहेर अजून उन्हाचा पत्ता नसायचा. फजरच्या अजाना नुकत्याच संपलेल्या असायच्या. आसपासच्या मशिदी एकापाठोपाठ एक सुरू व्हायच्या आणि तशाच एकापाठोपाठ थांबायच्या. मग फक्त एसीची घरघर उरायची, आणि स्वयंपाकघरात आईचं भाकरी थापणं. शुक्रवार हा सगळ्या शहराचा उशिरापर्यंत झोपण्याचा दिवस. आमच्याकडे मात्र त्या दिवशी डबा भरला जायचा, पाण्याचा थर्मास भरला जायचा, आणि आम्ही तिघं एका इंग्रज बाईला घेऊन वाळूत गोल्फ खेळायला निघायचो. हे आज कुणाला सांगितलं तर गंमत वाटते. तेव्हा ते आमच्या घराचं वेळापत्रक होतं.

आई हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागात फिजिओथेरपिस्ट होती आणि बाबा तिथेच यंत्रं दुरुस्त करायचे. दोघंही दापोलीकडचे. मी अकरावीत होते, इंडियन स्कूलमध्ये, आणि आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देण्याच्या वयात. एका दुपारी आई ड्यूटीवरून आली, अंगावरचा काळा अबाया काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "आज एक पेशंट आली, इंग्लंडची. डावं मनगट मोडलंय. प्लॅस्टर काढलं तर हात नुसता लाकूड झालाय. काय काम करता म्हणून विचारलं, तर म्हणते, काही नाही. मग म्हणते, पूर्वी गोल्फ खेळायचे. आणि रडायलाच लागली."

"दुखत असेल," बाबा म्हणाले.

"दुखण्याचं रडणं मला कळतं हो," आई म्हणाली. "हे तसलं नव्हतं."

तीच रूथ. आमच्या तिघांच्या आयुष्यात ती मनगटाच्या वाटेने आली. चाळिशीला टेकलेली, उंच, उन्हाने रापलेली, नाकावर कायम सोललेली कातडी. तिचा नवरा कॉलिन विमानांच्या देखभालीच्या कामाला होता आणि महिन्यातले बरेच दिवस उत्तरेला तबूकला असायचा. ती परदेशी लोकांच्या एका मोठ्या, भिंतींनी वेढलेल्या कंपाउंडमधल्या घरात एकटी. आई तिचा हात वितळलेल्या गरम मेणात बुडवायची, मग बोटं एकेक करून सोडवायची. थोडी हालचाल यायला लागली तेव्हा तिने रूथला सांगितलं, आता मशीनचं काम संपलं, माझ्या घरी ये. आणि रूथ खरंच आली. आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिने कणीक मळली. आई तिच्या हातावर हात ठेवून म्हणायची, "तळवा पूर्ण टेकव, रूथ, बोटांनी चोरू नकोस." पुढे तांदळाच्या भाकरीपर्यंत मजल गेली. तिच्या भाकऱ्या कडेला जाड आणि मधे फाटक्या व्हायच्या. त्या बाबा खायचे, न कुरकुरता, खर्जच्या डेअरीतून येणाऱ्या लबानच्या कढीत बुडवून. लबान म्हणजे तिथलं बाटलीतलं ताक. आई त्याला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची आणि रूथ ती कढी मगमध्ये घेऊन चहासारखी प्यायची. बाबांचं नाव विनायक. ती त्यांना विनी म्हणायला लागली. सगळ्या आयुष्यात बाबांना कुणी लाडाचं नाव दिलं नव्हतं. ते वरून कपाळाला आठ्या घालायचे, पण तिने हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायचे.

कणीक मळता मळता ती बोलायची, आणि तिच्या बोलण्यातून तिची सगळी कहाणी हळूहळू आमच्याकडे जमा झाली. वडील पोस्टमन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं लहान गाव, जिथे वाऱ्यामुळे झाडंसुद्धा एका बाजूला झुकून वाढतात. गावच्या सार्वजनिक मैदानावर वडिलांनी कुणाच्या तरी जुन्या स्टिका कापून तिच्या मापाच्या करून दिल्या. विशीत ती व्यावसायिक झाली. हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर विमानं आणि हॉटेलं आली, तर ती म्हणाली की आम्ही दोघी मैत्रिणी एका जुन्या व्हॅनमध्ये झोपायचो, फ्रान्सपासून स्वीडनपर्यंत. सकाळी पेट्रोलपंपावर तोंड धुऊन पहिल्या होलवर उभ्या राहायचो. आठ-नऊ वर्षं ती अशी खेळली. एकही स्पर्धा जिंकली नाही. एकदा जर्मनीत भर पावसात दुसरी आली होती. मग खेळ घसरला, पुढच्या मोसमात खेळायचा परवाना गेला, लग्न झालं, आणि कॉलिनच्या नोकरीबरोबर ती इथे आली.

"पण मग मनगट मोडलं तेव्हा इतकं वाईट का वाटलं?" मी विचारलं होतं. "तू तर खेळणं सोडलंच होतंस."

कणकेवर तळवा दाबत ती म्हणाली, "सोडलं होतं असं मी कधी म्हटलं नव्हतं, ॲना. नुसती खेळत नव्हते. हात धड होता तोवर मला ते म्हणावं लागत नव्हतं." माझं नाव अनघा, पण तिच्या तोंडी मी ॲनाच राहिले.

तिला पुन्हा खेळून बघायचं होतं. मैदान होतं, शहराबाहेर, अल खर्जच्या रस्त्यावर. पण तिथवर जायचं कसं? बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, कॉलिन तबूकला, आणि कंपाउंडची बस फक्त सुपरमार्केटपर्यंत. आईने जेवताना विषय काढला. बाबा म्हणाले, "परक्या बाईला गाडीत घेऊन हायवेवर? मुतव्व्यांनी अडवलं तर काय सांगू?" मुतव्वे म्हणजे तिथले धर्मरक्षक. आई म्हणाली, "मी मागे तिच्या शेजारी बसते. अनघा पुढे. बायकांच्याच गाडीत तुम्ही एकटे पुरुष. कोण काय म्हणेल?" बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "बरं, एकदा जाऊ." त्या एकदाचे किती शुक्रवार झाले याची गणती कुणी ठेवली नाही.

ते मैदान पाहून मी हिरमुसले होते. एक गवताचं पातं नाही. नजर जाईल तिथवर पिवळट वाळू, वाट कळावी म्हणून दुतर्फा पांढरे रंगवलेले दगड, आणि होलच्या भोवती तेल घालून दाबलेल्या काळपट वाळूची गोल चकती. प्रत्येकाने हातात नकली गवताचा एक तुकडा घेऊन फिरायचं, चेंडू त्यावर ठेवायचा आणि मारायचा. रूथने पहिल्या दिवशी तो तुकडा जमिनीवर ठेवला, बराच वेळ नुसती उभी राहिली, आणि मग फिरली. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण तो आवाज मात्र आजही कानात आहे. सुकं लाकूड एका घावात दुभंगावं तसा कोरडा आणि स्वच्छ. चेंडू कुठे गेला ते मला दिसलंसुद्धा नाही. बाबा गाडीच्या सावलीत शेंगदाणे खात बसले होते. ते उठून उभे राहिले. आई मात्र चेंडूकडे बघतच नव्हती, तिचे डोळे मनगटावर. "दुखलं?" तिने विचारलं. "हो," रूथ म्हणाली, आणि हसली. "आणखी एक मारते."

रूथने मलाही शिकवलं. मी काही फार चांगली नव्हते, ते तिने कधी लपवलंही नाही. पण शाळेत आम्हा मुलींना खेळाचा तास म्हणजे बंद हॉलमध्ये कॅरम; तिथे त्या उघड्या वाळूत, डोक्यावर टोपी घालून, अंगातली सगळी ताकद लावून एखादी गोष्ट लांब फेकायची मुभा मला पहिल्यांदा मिळाली. परतताना दुपारच्या नमाजाआधी घर गाठायचं असायचं. डेअरीच्या गोठ्यांचा वास गाडीत शिरायचा, आई डबा उघडायची, आणि मागच्या सीटवर दोघी बायका लसणीच्या चटणीवरून हसत असायच्या.

मग ते वर्ष आलं ज्यात परदेशी लोकांच्या कंपाउंडांवर अतिरेक्यांचे हल्ले झाले. शहराचा चेहराच बदलला. परदेशी वसाहतींभोवती सिमेंटचे ठोकळे आले, वाळूच्या गोण्या आल्या, रस्तोरस्ती तपासणी आली. बरीच गोरी कुटुंबं घाईने आपापल्या देशी निघून गेली आणि मैदानावर शुक्रवारी आमच्याशिवाय कुणी दिसेना. कॉलिनचा करार संपायचा होता म्हणून रूथ थांबली. ती म्हणायची, एवढं रिकामं मैदान मला जन्मात मिळालं नव्हतं. आणि त्याच रिकाम्या मैदानावर तिने ठरवलं की हिवाळ्यात स्पेनला जायचं, परवान्यासाठीच्या चाचणी स्पर्धेत पुन्हा एकदा उतरायचं. आम्हाला वाटलं गंमत करतेय. विशीतल्या मुली तिथे असतात, हे तिनेच तर सांगितलं होतं.

त्याच सुमारास एका शुक्रवारी आम्हाला अडवलं. शहराबाहेर पडताना रस्त्यावर काटेरी पट्टी टाकलेली, पलीकडे चिलखती गाडी. कोवळ्या मिशांचा एक सैनिक आला. बाबांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवानगीचं कार्ड पाहिलं, आत वाकून आईचा, माझा. मग रूथकडे नजर गेली. तिने काळा अबाया घातला होता, पण चेहरा काही लपत नव्हता.

"ही कोण?"

बाबांचं अरबी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ऐकून शिकलेलं, मोडकंतोडकं. मागून आई म्हणाली, "मरीदा. माझी पेशंट." सैनिकाने तिच्याकडे न बघता बाबांना डिकी उघडायला सांगितली. डिकीत लांब पिशवी, पिशवीत लोखंडी डोक्यांच्या काठ्या. तो एक पाऊल मागे सरला आणि खांद्यावरची बंदूक त्याने हातात घेतली. "वेश हादा?" हे काय आहे?

"रियादा," बाबा म्हणाले. रियादा म्हणजे खेळ. पण घाबरून आवाज फुटला होता. "रियादा, या अखी, रियादा!"

"हो, रियाधच आहे हे," सैनिक म्हणाला. "मी विचारतोय हे काय आहे."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मी खिडकीतून मागे बाबांकडे बघत होते. मग रूथने दार उघडलं. आई तिचा हात धरून मागे ओढत होती, पण ती उतरली, दोन्ही हात मोकळे दाखवत डिकीपाशी गेली आणि अबायासकट, हातात काहीच न घेता, तिने तो फटका हवेत मारून दाखवला. सावकाश, पूर्ण, शेवटी डावा पाय वळवून, दूर गेलेल्या चेंडूकडे बघत. सैनिक त्या नसलेल्या चेंडूच्या दिशेने बघत राहिला. त्याने हाक मारून एका वयस्क अधिकाऱ्याला बोलावलं. अधिकाऱ्याने पिशवीत हात घालून एक चेंडू काढला, तो दोन बोटांत फिरवून पाहिला, परत ठेवला. "यल्ला," तो बाबांना म्हणाला. "घरी जा. आज फिरू नका."

घरी आल्यावर बाबा पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "खलास. आता पुरे. कफीलपर्यंत गोष्ट गेली असती तर उद्या आपण तिघं विमानात असतो. अनघाची बारावी आहे." कफील म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तिथे व्हिसा मिळतो तो मालक. त्यांचं काही चुकत नव्हतं. रूथला मराठी येत नव्हतं, पण तिला कळलं. ती म्हणाली, "विनी बरोबर बोलतोय. मी आता येणार नाही." पुढचे दोन शुक्रवार आम्ही सगळ्या शहरासारखे झोपलो. निदान झोपायचा प्रयत्न केला. आई भांडली नाही, नुसती दर खेपेला कढी जास्त करायची आणि उरलेली फ्रिजमध्ये ठेवायची.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी बाबा बाहेर गाडी धूत होते. मी विचारलं, कुठे जायचंय? ते म्हणाले, "तिला फोन कर. नेहमीपेक्षाही लवकर निघू, तेव्हा तपासणीला गर्दी नसते. मी त्या चौकीवरच्या मोठ्या साहेबाला भेटून आलोय. आपण कोण, कुठे जातो, सगळं सांगून आलोय. चहा पाजला त्याने मला."

"तुम्ही एकटे गेलात?"

"मग काय तुला नेऊ?" त्यांनी पुढची काच पुसली, मग तीच पुन्हा पुसली. "अगं, दोन शुक्रवार कान नुसते रिकामे वाटले. तो आवाज नाही ऐकला की चैन पडत नाही."

माझे बाबा धाडसी नव्हते. रस्ता ओलांडतानाही ते माझा हात धरायचे, मी अकरावीत असताना. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ते पंख्याखाली घाबरून बसलेलेही दिसतात आणि चौकीवर एकटे चहा पिणारेही. या दोन्ही बाबांमुळे माझं बालपण सुरक्षित होतं.

रूथ स्पेनला गेली. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आई मटकीला मोड आलेत का बघत होती. फोन मी उचलला. पलीकडून आधी फक्त वाऱ्याचा आवाज, मग रूथ. "ॲना, सूलाला सांग, मिळालं. अगदी शेवटच्या जागांमध्ये, पण मिळालं." आईचं नाव सुलभा. तिने फोन घेतला आणि पहिलं काय विचारलं असेल, तर "मनगट कसं आहे?"

पुढचे दोन मोसम आमच्या घरात गोल्फचा जो काही अभ्यास झाला, तसा माझ्या फिजिक्सचाही झाला नाही. कॉलिन आणि रूथ इंग्लंडला परत गेले होते. बाबा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर निकाल बघायचे. यादी वरून खाली वाचायची सवय त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडली. ते सरळ खालून सुरू करायचे, म्हणजे रूथ लवकर सापडायची. एके दिवशी ते हातात बासबूसाचा, म्हणजे पाकात भिजवलेल्या, वर बदाम लावलेल्या रव्याच्या मिठाईचा मोठा खोका घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "आपली रूथ एक्केचाळिसावी!"

त्याच दिवशी माझा पूर्वपरीक्षेचा निकाल लागला होता. वर्गात पाचवी. आईने तो बघून विचारलं होतं, "पुढचे चौघं कोण?" तेव्हापासून मी खोलीत धुमसत बसले होते. बासबूसाचा खोका पाहिल्यावर माझा तोल गेला. मी इंग्रजीत नाही, मराठीत ओरडले. "ती एक्केचाळिसावी आली तर मिठाई, आणि मी पाचवी आले तर चौकशी!"

आई म्हणाली, "अगं, ती जगातल्या बायकांमध्ये..."

"युरोपातल्या," मी म्हटलं.

बाबांनी खोका टेबलावर ठेवला, सुरीने मोठा चौकोन कापला आणि बशी माझ्यापुढे धरली. "आधी तू घे," ते म्हणाले. "पाचवीचा आधी, मग एक्केचाळिसावीचा." त्यानंतर आईने मला पुढचे कोण, हे कधी विचारलं नाही. मी पुढे डेंटिस्ट झाले, नाशिकला दवाखाना आहे, शहरात माझ्याहून चांगले पुष्कळ आहेत. सकाळी शटर उघडताना मला त्याचं काही वाटत नाही. हे मला सहज मिळालेलं नाही, त्या दोन मोसमांनी दिलंय.

दुसऱ्या मोसमाच्या शेवटी दुबईत बायकांची स्पर्धा होती. आईची चुलत बहीण शारजात राहायची. बाबांनी सुट्टी काढली, व्हिसे झाले, आणि आम्ही गेलो. रूथला आम्ही कधी गवतावर पाहिलंच नव्हतं. त्या हिरव्या गालिच्यावर, पांढऱ्या टोपीत, ती मला क्षणभर अनोळखी वाटली. मग ती फिरली, आणि तो आवाज आला, आणि बाबांनी माझा दंड घट्ट धरला. त्या खेळात दोन दिवसांनंतर अर्ध्याहून जास्त खेळाडू गळतात, उरलेले पुढे खेळतात. रूथ पुढे गेली असती तर परवाना टिकायची थोडी आशा होती. नाहीतर तिचं खेळणं तिथेच संपणार होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलवर तिला एक पट घालायचा होता, म्हणजे जमिनीवरून हलकेच ढकललेला शेवटचा फटका, एका पलंगाच्या लांबीचा. तिच्या गटाचा खेळ बघायला प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी मोजून आम्हीच होतो. ती वाकली. चेंडू निघाला, होलच्या कडेला लागला, कडेकडेने अर्धा फिरला आणि बाहेर थांबला.

बाबा टाळ्या वाजवायला लागले.

आईने त्यांना कोपर मारलं. "अहो, नाही गेला आत."

"कळलंय मला," बाबा म्हणाले, आणि वाजवत राहिले. मग आईही वाजवायला लागली, मग मी. रूथने टोपी काढली, सोबतच्या मुलींशी हात मिळवले आणि दोरीखालून वाकून सरळ आमच्याकडे आली. तिचा चेहरा शांत होता. आईने सवयीने तिचं डावं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबून पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही, सूला," रूथ म्हणाली. "दोन वर्षांत एकदाही नाही." आणि मग म्हणाली, "आता म्हणू शकते मी. संपलं. खेळून संपलं." तेव्हा तिचे डोळे भरले, आणि आईचेही.

त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर शारजाला आली. मावशीकडे वांग्याची भाजी आणि भात पोटभर जेवली, आणि जेवताना म्हणाली की इतक्या वर्षांत आई-वडील गेल्यानंतर माझा खेळ बघायला म्हणून कुणी प्रवास करून आलं नव्हतं. बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "उद्या काय करणार?"

"उद्या? उद्या बघायला जाऊ. सगळे मिळून."

दुसऱ्या दिवशी रूथ दोरीच्या आमच्या बाजूला होती, हातात सँडविच घेऊन. समोरून जाणाऱ्या प्रत्येकीची ती आम्हाला ओळख करून देत होती. हिचं बाळ आठ महिन्यांचं आहे, हिची पाठ दुखते, ही पुढच्या वर्षी जिंकणार बघा. आघाडीच्या खेळाडूंमागे गर्दी धावत होती, पण आम्ही तिथेच बसून राहिलो. गुणांच्या यादीत सर्वांत शेवटी असलेली एक स्वीडिश मुलगी शेवटच्या होलवर आली तेव्हा तिथे दुसरं कुणीही नव्हतं. मान खाली, घाईघाईने तिने आपला चेंडू आत घातला. रूथ सँडविच बाजूला ठेवून उभी राहिली. आम्ही तिघंही उभे राहिलो. आमच्या चौघांच्या टाळ्यांचा त्या उघड्या मैदानावर इतका आवाज झाला की ती मुलगी दचकली, तिने वळून आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.